लाकडी पक्षी आणि वर्षभराचा राजा

गेल्या अंकात जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखच्या कापडाच्या मागांविषयी लिहिताना ओघात एक वाक्य आलं होतं: तिथल्या नेमबाज मंडळाचा उत्सव आला की लहान कारखान्यांतली निम्मी माणसं रजा टाकतात. मागांविषयी कुणी फारसं विचारलं नाही, पत्रं आली ती या एका वाक्यावर. टॉवेलच्या धंद्यातल्या नोकरीमुळे मी काही वर्षं तिथे ऱ्हाइन नदीच्या काठी राहिले आणि हे उत्सव तिथल्या शेजाऱ्यांच्या घरातून पाहिले. म्हणून यावेळचं सगळं पान या पत्रांना देते आहे.

जुळे सोलापुरातून एक आई लिहितात : माझा मुलगा जर्मनीत नॉइस शहराजवळ नोकरीला आहे. शेजारी त्याला त्यांच्या नेमबाज मंडळात ये म्हणून आग्रह करतात. त्याने फोटो पाठवले. गणवेश, खांद्यावर बंदुका, बँड, आणि एका माणसाच्या गळ्यात चांदीची भलीमोठी साखळी. मला तर धडकीच भरली. ही कुठली सेना आहे की पक्ष? त्याने जावं का?

ताई, आधी धडकी घालवते. नॉइसच्या मिरवणुकीत काळा कोट, पांढरी विजार आणि उंच टोपी घालून जे चालतात त्यांच्या खांद्यावरच्या बंदुका लाकडाच्या असतात आणि नळीच्या तोंडाशी फूल खोचलेलं असतं. हिरव्या वेषातल्या तुकड्यांपुढे एक जण मोठं शिंग पेलत चालतो, तेही ताज्या फुलांनी गच्च भरलेलं. यात पक्ष नाही आणि सेनाही नाही. चालणाऱ्यांत कोणी नळकाम करतो, कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत शिकवतो.

एके काळी मात्र ती सेनाच होती. चौदाव्या शतकात फ्लँडर्स, म्हणजे आजच्या बेल्जियमचा उत्तर भाग, आणि ऱ्हाइनकाठच्या शहरांना तटबंदी होती, पण बारमाही पगारी फौज नव्हती. तटावर उभं राहायचं ते गावातल्याच विणकरांनी, खाटकांनी, पाववाल्यांनी. त्यांनी आपापले गिल्ड, म्हणजे संघ, बांधले. धनुष्यवाल्यांचा वेगळा, क्रॉसबोवाल्यांचा, म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य वापरणाऱ्यांचा, वेगळा, आणि पुढे बंदूकवाल्यांचा आणखी वेगळा. एकत्र सराव करायचा, सभासद गेला तर त्याला खांदा द्यायचा, अडलेल्या घराला मदत करायची आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून जेवायचं. संत सेबास्टियन त्यांचा लाडका. त्याला बाणांनी विंधलं होतं, आणि प्लेगमधून तो तारतो अशी श्रद्धा होती. त्याचा दिवस 20 जानेवारीचा. क्रॉसबोवाले बहुधा संत जॉर्जचे. शहर या लोकांना वाइन द्यायचं आणि एकसारख्या पेहरावासाठी कापड द्यायचं. मी कापडातली बाई, त्यामुळे मला या साऱ्यात कापडाची गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. गावाने ज्याला कापड दिलं तो गावाचा माणूस झाला.

ड्युसेलडॉर्फचं सेबास्टियन मंडळ आपली सुरुवात 1316 पासून सांगतं. हॅनोव्हरचा उत्सव 1529 पासूनचा मानतात. पुढे तोफांपुढे तट निकामी ठरले, राजांनी कायमच्या फौजा ठेवल्या आणि गिल्डांचं लढायचं काम संपलं. नेपोलियनच्या काळात फ्रेंच अंमलाखाली ऱ्हाइनकाठची अनेक मंडळं बंदही पडली. तुमच्या मुलाच्या नॉइसचा आजचा उत्सव त्यानंतरचा, 1823 पासूनचा. लढाई गेली, पण वर्षातून एकदा नेम धरून आपला राजा निवडायची रीत लोकांनी सोडली नाही.

ती रीत अशी. उंच खांबाच्या टोकाला लाकडाचा पक्षी बसवतात. जुन्या काळी फ्लँडर्स-फ्रान्सकडे तो पोपट असायचा, जर्मनीत बहुतेक ठिकाणी गरुड असतो. डोक्यावर मुकुट, एका पंज्यात राजदंड, दुसऱ्यात राजचिन्हाचा गोळा. पाठीमागे गोळ्या अडवणारी मजबूत पेटी असते, आणि बंदूक बऱ्याच ठिकाणी स्टँडवर अशी बसवलेली असते की नळी भलतीकडे वळू नये. पहिले मानाचे बार महापौर आणि पाद्रीबाबा काढतात. मग मुकुट, राजदंड, गोळा, पंख असं एकेक पाडायचं, आणि ज्याने जे पाडलं त्याला त्याचं बक्षीस. शेवटी नुसतं धड उरतं. ते गोळ्यांमागून गोळ्या खातं, ढलप्या उडतात, एका बाजूने लोंबायला लागतं, तरी पडत नाही. ज्याच्या गोळीने शेवटचा तुकडा खाली येतो तो वर्षभराचा राजा.

धड लोंबायला लागलं की मैदानाचा रंग बदलतो. मघाशी रांगेत हिरिरीने उभे असलेले काही जण मागे सरकतात. बायका नवऱ्यांकडे बघायला लागतात. कारण राजा होणं म्हणजे वर्षभराचा खर्च अंगावर घेणं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजेरी, सोबतीला मानकरी जोडप्यांचा दरबार, राणीचा पोशाख, आल्यागेल्याचं खाणंपिणं. मोठ्या मंडळांत हा आकडा हजारो युरोंवर जातो. काही मंडळं ठरावीक रक्कम हाताशी देतात, पण ती पुरत नाही. जुन्या काळी अनेक शहरं राजाला वर्षभर कर माफ करायची, ते दिवस गेले. काही गावांत आता राजा व्हायला कुणी पुढे येत नाही, ही तिथली खरीखुरी काळजी आहे.

चांदीची साखळी म्हणजे या राजांची वंशावळ. प्रत्येक राजा स्वतःच्या खर्चाने चांदीचं एक पदक घडवून साखळीत घालतो, म्हणून ती दरवर्षी जड होत जाते. मला एकदा ती हातात घेऊन पाहायला मिळाली. एका पदकावर पाववाल्याचा पीळ घातलेला पाव कोरलेला, एकावर लोहाराचा हातोडा, आणि खालच्या ओळीत एका विणकराच्या नावाखाली चक्क धोटा. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, पण धोट्याच्या पोटातली कांडीसुद्धा ओळखू येत होती. मी किती तरी वेळ त्याच्यावरून बोट फिरवत बसले.

आणि हा सगळा भार एकट्या राजाच्या डोक्यावर नसतो, हे फोटोत दिसत नाही. आमच्या गल्लीत एक वीजकाम करणारे गृहस्थ राजा झाले, तेव्हा त्यांचं घर सजवणं हे शेजाऱ्यांचं काम होतं. संध्याकाळी गॅरेजमध्ये लांब टेबल मांडलेलं. क्रेप कागदाच्या पट्ट्या कापायच्या, विणायच्या सुईवर गुंडाळायच्या, दोन्हीकडून दाबून चुणी पाडायची, सुई ओढून काढायची आणि बुडाला बारीक तार पिळायची. असा एक गुलाब. असे ढिगांनी गुलाब करून सदाहरित डहाळ्यांच्या जाड हारात खोवायचे आणि तो हार राजाच्या दाराला कमानीसारखा बांधायचा. माझ्या शेजारी बसलेल्या आजी सुई न बघता फिरवत होत्या. त्या गल्लीत मी आधी बरेच महिने राहत होते, पण लोक मला नावाने हाक मारायला लागले ते त्या टेबलापासून.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारा माणूस तुम्ही पाहिलाय. एवढी उंच काठी एकट्याने तोलायची, तर मागे किती सराव असतो आणि आजूबाजूला हात द्यायला किती माणसं चालत असतात! त्या राजाकडे बघताना मला त्याचीच आठवण यायची. मान मिळतो खरा, पण तो पेलावा लागतो.

तर तुमच्या मुलाने जावं का? माझं मत, जरूर जावं. त्याला काही गोष्टी आधी विचारून घ्यायला सांगा. वर्षाची वर्गणी किती, गणवेश विकत घ्यावा लागतो की भाड्याने मिळतो, कवायतीचा सराव कुठल्या वारी असतो. मंडळात गेलं म्हणून बंदूक घरी येत नाही. तिचा परवाना ही पूर्णपणे वेगळी आणि कडक गोष्ट आहे. बिअरचा आग्रह होतो, आणि घेत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. सफरचंदाच्या रसाचा ग्लास उंचावला तरी कुणी काही म्हणत नाही. शाकाहारी असेल तर बटाट्याचं सॅलड आणि पाव यांवर भागवावं लागेल. काही ठिकाणी उत्सवात चर्चची प्रार्थना असते, तिथे मागच्या बाकावर शांत बसलं तरी चालतं.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. परक्याला आत घेण्याचा प्रश्न तिथेही सहज सुटला नाही. 2014 मध्ये वेस्टफालियातल्या वेर्लजवळच्या झ्योनर्न गावी तुर्की वंशाच्या एका मुस्लिम गृहस्थाने पक्षी पाडला आणि तो राजा झाला. गाव खूश होतं. पण कॅथलिक परंपरेच्या मंडळांची जी शिखर संस्था आहे तिच्या नियमांत सभासद ख्रिस्ती असावा असं होतं, आणि त्याने साखळी परत करावी असा सूर तिथून निघाला. देशभर गदारोळ झाला. शेवटी अपवाद म्हणून तो गावचा राजा राहिला, वरच्या पातळीवरच्या स्पर्धेला मात्र जाऊ शकला नाही. 2017 मध्ये त्या संस्थेने नियम सैल केले. मला यातलं गावाचं वागणं फार मोलाचं वाटतं. ज्यांच्यात तो राहत होता, ज्यांच्या टेबलाशी बसत होता, त्यांना त्याच्याविषयी शंकाच नव्हती. बायकांचंही तसंच. पुष्कळ मंडळांत आता बाई पक्षी पाडते आणि साखळी घालते. पण काही जुन्या मोठ्या मंडळांच्या तुकड्यांत आजही पुरुषच चालतात, आणि हे बदलायला हवं असं मी तिथेही तोंडावर म्हणत असे.

एका मुलीचं पत्र, गाव सोलापूरच : मी दहावीत आहे. दहा मीटर एअर रायफल मारते. हे लोक खरंच नेम धरतात की नुसती मिरवणूक? मला कधी तिथे मारता येईल का?

खरंच धरतात, बाळ. उत्सव वर्षातून एकदा, सराव मात्र वर्षभर. अगदी लहान गावातसुद्धा मंडळाच्या घरात दहा मीटरची रेंज असते, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी तिथे तुझ्या वयाची मुलं रायफल लावून उभी असतात. बारा वर्षांपासून देखरेखीखाली एअर रायफल मारता येते. अर्ध्या मिलिमीटरच्या ज्या ठिपक्यासाठी तू श्वास धरतेस, तोच ठिपका त्यांच्याही समोर असतो.

या मंडळांना एका छताखाली आणणारा जर्मन नेमबाज संघ 1861 मध्ये गोथा इथे स्थापन झाला. तेव्हा जर्मनी एक देशही झाला नव्हता. आज त्याचे सभासद तेरा लाखांच्या आसपास आहेत. एअर रायफलची तिथे फुटबॉलसारखी बुंडेसलीगा असते. पाच विरुद्ध पाच, प्रत्येक जण समोरच्याशी एकास एक, आणि प्रेक्षक चिडीचूप बसत नाहीत, भर सामन्यात ढोल वाजवतात! त्या गोंगाटात दहा लागणं ही वेगळीच परीक्षा. आपल्या रेंजवर कधीतरी मैत्रिणींना मागे आरडाओरडा करायला लावून मारून बघ.

आणि तिथे जाता येईल का, हे कोल्हापूर-साताऱ्याच्या पोरींनी आधीच सांगून ठेवलंय. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या, धनुर्विद्येत जगज्जेती झाली, तेव्हा ती सतराच वर्षांची होती. अभिनव बिंद्रानेही बीजिंगच्या सुवर्णपदकाआधी जर्मनीत जाऊन सराव केला होता.

तुझ्या वयाच्या मुलांचा खास उत्सव पाहायचा तर झ्युरिकला. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आणि सोमवारी तिथे तेरा ते सतरा वर्षांची मुलं 300 मीटरवरून लष्करी रायफलीने नेम धरतात. नावातच ‘मुलग्यांची नेमबाजी’ असं आहे, पण 1991 पासून मुलीही उतरतात आणि जिंकतातही.

चित्रकला शिक्षक, अक्कलकोट : रेम्ब्रांचं ‘नाइट वॉच’ वर्गात दाखवताना त्या उजळ पिवळ्या पोशाखातल्या लहान मुलीच्या कमरेला कोंबडी का, असं मुलं दरवेळी विचारतात.

सर, ते चित्र याच परंपरेतलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या बंदूकधारी नागरिक पथकाने आपल्या सभागृहात लावायला ते करून घेतलं, 1642 मध्ये पुरं झालं. चित्रातल्या मंडळींनी आपापला वाटा भरला होता. मुलीच्या कमरेला कोंबडी उलटी टांगलेली आहे, तिचे पंजे नीट दाखवा. पक्ष्याचा पंजा हे त्या पथकाचं चिन्ह होतं. एवढ्या काळोख्या गर्दीत रेम्ब्रांने या मुलीवर लख्ख उजेड पाडलाय. 1715 मध्ये चित्र नगरभवनात हलवताना भिंतीत बसेना म्हणून चारी बाजूंनी कापलं. डावीकडची दोन माणसं त्यात गेली. मुलांना हेही सांगा, ती हळहळतील आणि चित्र विसरणार नाहीत.

निवृत्त शिक्षक, चार हुतात्मा पुतळ्यांजवळ राहणारे : माझे वडील सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉच्या आठवणी सांगायचे. ज्या गावाने रस्त्यावर गोळ्या झेलल्या, ज्या गावची चार माणसं 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेली, त्या गावच्या मासिकात बंदुकीच्या उत्सवाचं कौतुक कशाला?

सर, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे ही नावं मीही लहानपणापासून ऐकत आले. बंदूक म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाच्या मनात सरकारची बंदूक येते, आपल्यावर रोखलेली. त्या मंडळांची गोष्ट सुरू झाली ती उलट टोकाकडून. गावाचं रक्षण गावानेच करायचं, आणि हत्यार धरणाऱ्याला सगळं गाव नावाने ओळखणार. मला कौतुक आहे ते या ओळखीचं.

पण ती ओळखही एकदा मोडली, आणि ते सांगितल्याशिवाय कौतुक करू नये हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. 1933 नंतर नाझी सत्तेने ही मंडळं आपल्या ताब्यात घेतली आणि ज्यू सभासदांना काढून टाकलं. वर्षानुवर्षं एकत्र चाललेल्या माणसांना एका नियमाने परकं केलं, आणि बहुतेक ठिकाणी सोबती गप्प राहिले. तिथल्या काही मंडळांनी आता आपल्या जुन्या दप्तरांतून हे उकरून लोकांपुढे मांडलंय. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी बंदुकांवर बंदी घातली, तेव्हा काही गावांनी पक्षी पाडायला पुन्हा क्रॉसबो काढले. उत्सव तेव्हाही झाला.

अलीकडचीही एक जखम आहे. मार्च 2009 मध्ये विनेंडेन गावच्या शाळेत आणि नंतर पळताना एका सतरा वर्षांच्या मुलाने पंधरा जणांना गोळ्या घातल्या. पिस्तूल त्याच्या वडिलांचं होतं. वडील नेमबाज मंडळाचे सभासद, आणि ते पिस्तूल कुलपात नव्हतं, झोपायच्या खोलीत होतं. त्यानंतर कायदा कडक झाला. हत्यार नियमाप्रमाणे तिजोरीत आहे का हे पाहायला अधिकारी न कळवता घरी येऊ शकतात. मंडळांतल्या काहींनी कुरकूर केली. माझ्या मते कुरकुरीला जागाच नव्हती.

तुम्ही विचारलंय म्हणून माझी आवड सांगते. मला बंदुकीपेक्षा फ्लँडर्सचे धनुर्धारी जवळचे वाटतात. त्यांचे खांब अठ्ठावीस मीटरपर्यंत उंच असतात. टोकाच्या लोखंडी फांद्यांवर रंगीत पिसांचे ‘पक्षी’ बसवलेले, सर्वांत वरचा पक्षी म्हणजे ‘राजा’. खालून, मान मागे टाकून, बोथट टोकाचा बाण सरळ आभाळात सोडायचा. ब्रुजचा सेबास्टियन गिल्ड अजून चालू आहे. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स देशोधडीला लागला होता तेव्हा 1656 मध्ये या गिल्डाने त्याला आपल्यात घेतलं होतं. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्येही पक्षी पाडण्याची धनुर्विद्या होती, आणि स्थिर पक्ष्याच्या स्पर्धांत उतरले फक्त बेल्जियमचेच लोक.

आणि इतकं लांब तरी कशाला जा? आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कोडगूमध्ये, सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोळ्दू या सणाला तिथले कोडव लोक घरातली हत्यारं पुजतात आणि मग उंच झाडाला बांधलेल्या नारळावर नेम धरतात. बायकाही धरतात. तुमची अढी मी घालवू पाहत नाही, सर. ती या गावाने कमावलेली आहे.

मंगळवेढ्याचे एक ज्वारी उत्पादक : भरडधान्य वर्षात एका भाषणात ऐकलं की युरोपात लोकांनी भरडधान्याची गरम लापशी होडीतून दुसऱ्या शहरात नेली होती, आणि तीही नेमबाजीच्या जत्रेला. खरं की सांगोवांगी?

शंभर टक्के खरं, आणि या सगळ्या परंपरेतली माझी सर्वांत आवडती गोष्ट.

साल 1576, जून महिना. ऱ्हाइनकाठच्या स्ट्रासबुर्ग शहराने मोठी नेमबाजी स्पर्धा भरवली होती. अशा स्पर्धांची निमंत्रणं शहरांना रीतसर पत्राने जायची. पत्रात लक्ष्य किती दूर, बक्षीस काय, सगळं लिहिलेलं. स्वित्झर्लंडमधलं झ्युरिक आणि स्ट्रासबुर्ग यांच्यात मैत्रीचा करार व्हावा असं काहींना वाटत होतं, पण हरकत एकच. एवढ्या लांबचे मित्र संकटात वेळेवर येणार कसे? रस्त्याने जायला तेव्हा कित्येक दिवस लागत.

झ्युरिकवाल्यांनी वाद घातला नाही. पहाटेच्या अंधारात त्यांनी मोठ्या पातेल्यात वरीच्या जातीच्या धान्याची लापशी शिजवली, ते पातेलं दुसऱ्या भांड्यात गरम वाळूत बसवलं, होडीत ठेवलं आणि वल्ही हातात घेतली. पन्नासाहून अधिक माणसं होती. लिम्मत नदीतून आरे, आरेतून ऱ्हाइन. पाण्याची ओढ त्यांच्या बाजूने होती, पण ऱ्हाइनचे खळाळ काही सोपे नाहीत. त्याच दिवशी संध्याकाळी ते स्ट्रासबुर्गला पोचले आणि लापशी वाढली. ती अजून गरम होती.

म्हणणं एवढंच होतं की आमच्या घरची लापशी निवायच्या आत आम्ही तुमच्या दारात उभे राहू शकतो. बारा वर्षांनी, 1588 मध्ये, करार झाला. आणि ही त्यांची पहिली खेप नव्हती, 1456 मध्येही झ्युरिकवाले असेच लापशी घेऊन गेले होते. 1946 पासून दर दहा वर्षांनी झ्युरिकचे लोक होडीतून ही यात्रा पुन्हा करतात.

तुम्ही शेतकरी म्हणून एक गोष्ट लक्षात घ्या, दादा. त्या दिवशी पातेल्यात मेजवानीचं मांस नव्हतं, किमती मसाले नव्हते. घराघरात रोज शिजणारं साधं धान्य होतं. आम्ही जे रोज खातो ते तुमच्यासाठी आणलं, याला त्या लोकांच्या लेखी फार किंमत होती.

शेवटी, पुष्कळांनी विचारलेलं : हे पाहायला जायचं तर कधी, कुठे?

इटलीत गुब्बिओला मे महिन्याचा शेवटचा रविवार आणि सान्सेपोल्क्रोला सप्टेंबरचा दुसरा रविवार. ही दोन गावं एकमेकांविरुद्ध जुन्या जड क्रॉसबोंनी 36 मीटरवर नेम धरतात, पेहराव पंधराव्या शतकातल्या चित्रांतून उतरल्यासारखे असतात. हॅनोव्हरचा उत्सव जून संपता संपता सुरू होतो आणि दहा दिवस चालतो. तिथली मिरवणूक काही तास संपत नाही, तेव्हा पाणी आणि टोपी जवळ असू द्या. ड्युसेलडॉर्फची जत्रा जुलैत, नदीच्या काठावर. नॉइसचा उत्सव ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, आणि रविवार सकाळचं राजासमोरचं संचलन बाजारचौकात लवकर जाऊन जागा धरून पाहावं. मंगळवारी संध्याकाळी पक्षी पाडतात, तोवर थांबता आलं तर थांबाच. खोल्या महिनोन् महिने आधी भरतात, आणि उत्सवाच्या दिवसांत गावातली बरीच दुकानं अर्धा दिवस बंद असतात, म्हणून दूध-पाव आदल्या दिवशी आणून ठेवा.